ड्राफ्टपूर्व तयारी : आधी टेप, मग आकडे

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून अडीचशेहून थोडे अधिक महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. एप्रिलच्या अखेरीस एका गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजता पहिली फेरी सुरू होते, तेव्हा पुण्यात शुक्रवारी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्या पहाटे पुकारलेले नाव ऐकून ‘हा कोण?’ असा प्रश्न पडू नये आणि त्या खेळाडूविषयी उसने नव्हे तर स्वतःचे मत असावे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी ही तयारी क्रमाने लिहिली आहे. माझा सगळा भर या क्रमावर आहे. हीच कामे उलट्या क्रमाने केली, म्हणजे आधी इतरांच्या याद्या वाचल्या, मग धावण्याच्या वेळा पाहिल्या आणि सामना सर्वांत शेवटी पाहिला, तर जे दिसावे असे आधीच मनात ठरलेले असते तेच डोळ्यांना दिसते.

पहिले काम जानेवारीत करावे, आणि ते नावांचे आहे. माध्यमिक शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. ज्यांची महाविद्यालयात खेळण्याची मुदत अजून शिल्लक आहे त्यांना जानेवारीत आपला निर्णय कळवावा लागतो. ही नावे निश्चित झाली की प्रत्येकाला वहीचे एक पान द्यावे आणि त्यावर वय, महाविद्यालय, किती हंगाम खेळला, त्यांपैकी किती सामन्यांत पहिल्या स्नॅपपासून (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होते त्या क्षणापासून) मैदानात होता आणि किती वेळा महाविद्यालय बदलले, एवढेच लिहावे. वयाची नोंद किरकोळ समजू नये. कोविडमुळे २०२० च्या हंगामाची मोजणी झाली नाही आणि त्यामुळे अनेकांना एक वर्ष जास्त मिळाले, तेव्हापासून चोवीस वर्षांचा बचावपटू एकोणीस वर्षांच्या मुलाला ढकलून देताना दिसणे नित्याचे झाले आहे; त्या ढकलण्यात कौशल्य किती आणि वाढलेल्या शरीराचा वाटा किती, हे वय समोर असल्याशिवाय ठरवता येत नाही.

यानंतर टेप, म्हणजे सामन्यांचे चित्रण. निम्म्याहून अधिक वेळ इथेच जावा. प्रत्येक खेळाडूचे किमान चार पूर्ण सामने पाहावेत, क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणाऱ्याचे, सहा तरी, आणि निवडक क्षणांच्या चित्रफितींना या टप्प्यावर हातही लावू नये. दोन वर्षांपूर्वी मी एका रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) झेलांची पाच मिनिटांची चित्रफीत पाहून त्याला दुसऱ्या फेरीचा दर्जा दिला होता. नंतर त्याचे चार सामने सलग बसून पाहिले तेव्हा कळले की चेंडू आपल्याकडे येणार नाही हे उमगताच तो धाव अर्ध्यावर सोडून देत असे. प्रतिस्पर्धी कॉर्नरबॅकनाही (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूंनाही) ते ठाऊक झाले होते आणि ते त्याला सोडून दुसऱ्याच्या मदतीला धावत होते. चित्रफितीत यातले काहीच नव्हते, कारण त्या सगळ्या खेळींत चेंडू त्याच्या हातात होता.

चार सामने निवडताना एक सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा घ्यावा, एक खेळाडूच्या स्वतःच्या सर्वांत वाईट दिवसाचा, एक परक्या मैदानावरचा आणि एक हंगामाच्या शेवटचा, जेव्हा शरीर थकलेले असते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतला कडेचा खेळाडू) रशॉन स्लेटर २०२० चा हंगाम खेळलाच नाही. पण २०१९ मध्ये ओहायो स्टेटचा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चाल करणारा बचावपटू) चेस यंग याच्यासमोर तो ज्या पद्धतीने उभा राहिला होता, त्या एका टेपची चर्चा दीड वर्षाने झालेल्या ड्राफ्टपर्यंत पुरली आणि चार्जर्सनी त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले. दुबळ्या संघाविरुद्धचे दहा सामने एकत्र केले तरी अशा एका सामन्याइतके सांगत नाहीत.

पाहायचे कसे, हे एका उदाहरणाने सांगतो. लेफ्ट टॅकल पाहताना आपला डोळा आपोआप चेंडूमागे जातो, म्हणून मी पडद्याच्या मधल्या भागावर पुठ्ठ्याचा तुकडा धरतो आणि स्नॅपनंतरची त्याची पहिली तीन पावले पाहतो. मागे सरकताना दोन्ही पाय एकमेकांजवळ येतात का, कारण ते जवळ आले की धक्का बसल्यावर तोल जातो. गुडघे वाकतात की नुसती कंबर वाकते. हात आधी पोचतात की समोरच्याचे हात याच्या छातीवर आधी पोचतात. आणि एज रशर बाहेरची वाट सोडून अचानक आत वळला तर याचा बाहेरचा पाय जमिनीत रोवला जातो की हवेत असतो. वहीच्या डाव्या रकान्यात स्नॅपचा क्रमांक आणि उजव्या रकान्यात पाच-सहा शब्द, यापेक्षा जास्त लिहू नये. एका सामन्यात अशा साठ-सत्तर नोंदी होतात. त्यांतली एकच चूक तीनदा लिहिली गेली असेल तर ती सवय आहे, एकदाच असेल तर तो त्या दिवसाचा अपघात समजावा. पहिल्या सत्रातल्या आणि चौथ्या सत्रातल्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की त्याचा दमही कळतो.

टेप पाहताना दोन्ही स्तरांवरच्या नियमांतला फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो. महाविद्यालयात झेल घेताना एक पाय रेषेच्या आत पडला तरी पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. त्यामुळे कडेच्या रेषेलगतचा प्रत्येक झेल थांबवून पाहावा आणि दुसरा पाय कुठे पडला ते लिहावे. महाविद्यालयातल्या हॅश रेषा, म्हणजे ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळी सुरू होते त्या खुणा, एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणून महाविद्यालयात मैदानाची एक बाजू फार रुंद होते, तिथे रिसीव्हरला मोकळी जागा मिळते आणि त्याच बाजूला आखूड पास टाकायलाही क्वार्टरबॅकच्या हातात जोर असावा लागतो. तसेच पास होण्याआधी लाइनमनना (आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूंना) महाविद्यालयात तीन यार्ड पुढे जाता येते, व्यावसायिक खेळात फक्त एक. ज्या क्वार्टरबॅकचे निम्मे यश या सवलतीवर उभारलेल्या खेळींतून आले आहे, त्याच्या त्या खेळी वेगळ्या मोजाव्यात आणि उरलेल्या खेळींवरून त्याला जोखावे.

क्वार्टरबॅकसाठी आणखी एक रकाना ठेवावा. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात किंवा अधिक यार्ड हवे असताना, म्हणजे पास येणार हे सगळ्यांना माहीत असताना, तो काय करतो. पहिला रिसीव्हर झाकलेला दिसल्यावर नजर दुसरीकडे जाते की पाय पळू लागतात. आणि बचावपटूच्या हातात येऊन निसटलेले पास किती. या शेवटच्या पासांची नोंद आकडेवारीत इंटरसेप्शन (बचावपटूने पकडलेला पास) म्हणून होत नाही, पण आपल्या वहीत झालीच पाहिजे.

खेळाडूला संघाने दिलेली भूमिका आणि त्याची कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी जस्टिन जेफरसनच्या उदाहरणावरून शिकलो. २०१९ च्या एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) संघात तो बहुतेक वेळ आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये उभा राहायचा. बाहेरच्या बाजूला, दाबून खेळणाऱ्या कॉर्नरबॅकसमोर त्याचे काय होईल, हा प्रश्न त्यामुळे उरला, आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर गेले. व्हायकिंग्जनी त्याला बाविसाव्या क्रमांकावर घेतले. तो पुढे लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांत गणला गेला. म्हणून ‘हे त्याने केले नाही’ आणि ‘हे त्याला करायला सांगितले गेले नाही’ ही दोन वाक्ये वहीत वेगळ्या शाईने लिहावीत. पहिले वाक्य दर्जा खाली आणते. दुसरे फक्त एक प्रश्न उभा करते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याची वळणे, त्याचा वेग कमी करण्याचा ताबा आणि झेलाच्या क्षणी त्याचे हात यांत शोधता येते.

इथवर आल्यावर, कुठलाही आकडा पाहण्याआधी, प्रत्येक पानावर तारीख घालून आपला दर्जा लिहून टाकावा. दर्जा फेरीच्या क्रमांकात न लिहिता वाक्यात लिहावा : पहिल्या सामन्यापासून खेळेल, दुसऱ्या वर्षी जागा मिळवेल, राखीव राहून स्पेशल टीम्सवर (चेंडूला लाथ मारण्याच्या खेळींसाठीच्या गटात) उपयोगी पडेल, संघात टिकणार नाही.

फेब्रुवारीच्या सुमारास अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बोल हा ड्राफ्टला उतरणाऱ्या निवडक खेळाडूंचा सामना होतो. त्यातल्या सामन्यापेक्षा आधीच्या दिवसांतले सराव महत्त्वाचे. लहान महाविद्यालयाच्या खेळाडूला तिथे पहिल्यांदाच मोठ्यांशी भिडावे लागते, त्यामुळे त्याच्यापुरती ही सर्वोत्तम परीक्षा ठरते. एकास एक सरावात मात्र आक्रमणाच्या लाइनमनला शेजाऱ्याची मदत नसते आणि रशरला सगळे अंगण मोकळे असते, म्हणून तिथे लाइनमन हरलेला दिसला तर लगेच पान फाडू नये.

कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टला उतरणाऱ्यांच्या शारीरिक चाचण्यांचे शिबिर, १९८७ पासून इंडियानापोलिसला भरते आणि सर्वांत जास्त आवाज तिचाच होतो. चाळीस यार्डांची धाव, उभी उडी, लांब उडी, २२५ पौंडांचा बेंच प्रेस, तीन शंकूंभोवतीची धाव आणि वीस यार्डांची शटल, या चाचण्यांतून शरीराची ताकद आणि स्फोटकता कळते. फुटबॉल कळत नाही. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला आणि नवव्या क्रमांकावर गेला, पण त्याची कारकीर्द त्या वेळेच्या आसपासही पोचली नाही. २०१९ मध्ये डीके मेटकाफ ४.३३ सेकंदांत धावला, तीन शंकूंच्या धावेला मात्र त्याने ७.३८ सेकंद घेतले, आणि वळता न येणारा खेळाडू असा शिक्का बसून तो चौसष्टाव्या क्रमांकापर्यंत घसरला. सरळ रेषेतल्या त्याच्या ताकदीचा उपयोग करणारा संघ मिळाल्यावर त्या शिक्क्याचे वजन उरले नाही. २०१८ मध्ये टॅकल ऑर्लँडो ब्राउन चाळीस यार्ड ५.८५ सेकंदांत धावला, बेंच प्रेस चौदाच वेळा उचलू शकला आणि तिसऱ्या फेरीत, त्र्याऐंशीव्या क्रमांकावर गेला. पुढे तो अनेकदा प्रो बोलसाठी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंत) निवडला गेला. त्याची टेप पाहिलेल्या माणसाला माहीत होते की त्याच्या लांब हातांना वळसा घालून जाणे किती कठीण होते.

तरीही आकडे टाळू नयेत; ते टेपकडे परत जाण्याचे कारण म्हणून वापरावेत. टेपवर संथ वाटलेला खेळाडू वेगाने धावला, तर पुन्हा दोन सामने पाहावेत आणि खेळ ओळखायला त्याला उशीर होतो आहे का, ते तपासावे. टेपवर चपळ वाटलेला हळू धावला, तर तो अंदाजाच्या बळावर लवकर निघत होता का, ते पाहावे. लाइनमनच्या बाबतीत चाळीस यार्डांपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ वाचावी, कारण सामन्यात चाळीस यार्ड सरळ धावण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. मार्चमध्ये महाविद्यालयांतल्या प्रो डेला (तिथेच होणाऱ्या चाचण्यांच्या दिवशी) हाती घड्याळाने घेतलेल्या वेळा बहुधा थोड्या उदार असतात, म्हणून त्या कम्बाइनच्या वेळांसोबत एकाच रकान्यात मांडू नयेत. मोजमापांनाही हाच न्याय लावावा : २०२५ मध्ये एलएसयूचा टॅकल विल कॅम्पबेल याच्या हातांची लांबी कम्बाइनमध्ये ३३ इंचांहून कमी भरली, त्यावर आठवडेच्या आठवडे वाद झाला, आणि पेट्रियट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती आपल्या आवाक्याबाहेर आहेत. त्यांबद्दल ऐकीव माहिती वहीत लिहू नये. दुखापतीचा ठाऊक असलेला इतिहास तेवढा नोंदवावा. जेलन स्मिथचा गुडघा १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बोल या महाविद्यालयीन सामन्यात निकामी झाला, तरी काउबॉईजनी त्याला त्याच वर्षी चौतिसाव्या क्रमांकावर घेतले. पहिला पूर्ण हंगाम तो बाहेर बसला आणि नंतर मैदानात परतला. असे धाडस ज्याच्याकडे डॉक्टरांचे अहवाल आहेत त्या संघानेच करायचे असते, आणि आपल्या पानावर अशा नावापुढे रिकामी चौकट ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

एप्रिलमध्ये सगळी पाने एका फलकावर उतरवावीत. एकाखाली एक क्रमांक लावण्यापेक्षा गट पाडावेत, कारण अकरावा आणि चौदावा यांत आपल्याला खरोखर फरक दिसतो, असे म्हणणे बहुतेक वेळा खोटे असते. स्थानाचे मोल त्यानंतर लक्षात घ्यावे. २०११ च्या करारापासून नवख्या खेळाडूंचे वेतन निवडीच्या क्रमांकाने ठरते आणि करार चार वर्षांचा असतो. म्हणून चांगला क्वार्टरबॅक, टॅकल किंवा एज रशर स्वस्तात मिळणे हा संघाचा सर्वांत मोठा लाभ असतो आणि तितकाच गुणी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) त्यांच्यामागे जातो. हे मोल फलकावर वेगळ्या रंगाने दाखवावे. खेळाडूच्या दर्जात मिसळू नये. संभाव्य निवडींच्या याद्या वाचायच्याच असतील तर फलक पूर्ण झाल्यावर वाचाव्यात, आणि त्या वाचून एखादे नाव हलवावेसे वाटले तर आधी टेप पुन्हा लावावी.

शेवटची तयारी ड्राफ्टच्या तिसऱ्या, अखेरच्या दिवसासाठी आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. २०२२ मध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर गेलेला आणि पुढे संघाचा मुख्य क्वार्टरबॅक झालेला ब्रॉक पर्डी आयोवा स्टेटकडून चार हंगाम खेळला होता, म्हणजे पाहायची इच्छा असणाऱ्याला टेपची उणीव नव्हती. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर गेलेल्या पुका नाकुआने पहिल्याच हंगामात १०५ झेल आणि १,४८६ यार्डांची नोंद केली. आणि पुढे लीगमध्ये नाव कमावलेल्या रनिंग बॅक ऑस्टिन एकलरचे नाव तर २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पुकारलेच गेले नाही. म्हणून आपल्या फलकावरची, सहाव्या फेरीनंतरही उरतील अशी पंधरा-वीस नावे वेगळ्या पानावर काढून ठेवावीत. अमेरिकेत शनिवारी संध्याकाळी सातवी फेरी संपते, आपल्याकडे रविवारची पहाट उजाडत असते, आणि संघांचे फोन निवड न झालेल्या मुलांना जाऊ लागतात. ते पान त्या वेळी हाताशी असावे आणि प्रत्येक नावापुढे तो कोणत्या संघाच्या शिबिरात दाखल झाला ते लिहून घ्यावे, म्हणजे ऑगस्टमधल्या सराव सामन्यांत कोणाला पाहायचे हे आधीच ठरलेले असेल.