जुन्या अ‍ॅम्बेसेडरसाठी टायर आणि मूळ भाग निवडताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरचे रबर, त्यावरील नक्षी झिजण्याआधीच, वाळून तडकते. म्हणून जुन्या अ‍ॅम्बेसेडरला टायर घेताना नक्षीआधी टायरच्या कडेवरील चार आकडी खूण वाचावी. ‘२३२४’ असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

या गाडीच्या टायरचे मूळ माप ५.९०-१५ (रुंदी ५.९० इंच, रिम १५ इंच). त्या काळाचे रूप जपायचे असल्यास नायलॉन टायर (तिरप्या धाग्यांच्या थरांचा जुना प्रकार) शोभतो. रोज धुळ्यापर्यंत ये-जा असेल, तर योग्य मापाचा रेडियल (आडव्या धाग्यांचा, आजचा प्रचलित प्रकार) मला अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र एकाच धुरेवर दोन्ही प्रकार कधीही मिसळू नयेत आणि जुन्या रिमवर ट्यूब घालावीच.

भागांच्या बाबतीत आधी आपली गाडी कोणत्या मार्कची (म्हणजे आवृत्तीची) आहे, हे निश्चित करावे. मार्क २ ची पुढची जाळी बारीक चौकड्यांची, तर १९७५ च्या मार्क ३ ची आडव्या पट्ट्यांची असते, आणि भंगार बाजारात दोन्ही ‘ओरिजिनल’ म्हणूनच विकल्या जातात (त्या अर्थाने विक्रेता खोटे बोलत नाही!). जाळी, दिवे, दाराच्या मुठी जुन्या मिळाल्या तर उत्तमच; ब्रेकचे रबर आणि होजपाइप मात्र नवेच घ्यावेत.