सीलिंग रोजमधल्या सहा वायरी आणि नवा दिवा

सोलापुरात साखर पेठेत, अशोक चौकाच्या आसपास जुन्या घरांत दिवा बदलायला सीलिंग रोजचं (छतावरची दिव्याच्या वायरी जोडायची गोल डबी) झाकण उघडलं की दोनच्या जागी सहा वायरी दिसतात. तीन लाल, तीन काळ्या. मी वायरमन आहे. माझं पहिलं सांगणं, रंगावर विसंबू नका. लाल फेज (करंट आणणारी), काळी न्यूट्रल (करंट परत नेणारी) हे खरं, पण त्या काळ्यांतली एक बहुतेक वेळा स्विचवरून परत आलेली असते. दिसायला न्यूट्रल, काम फेजचं. तिन्ही काळ्या एकत्र पिळल्या की स्विच दाबताक्षणी शॉर्ट.

टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघा, मग मेन पाडा. एका खोलीचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडून भागत नाही. यंत्रमाग असलेल्या घरात थ्री-फेज (तीन फेज वायरींचा पुरवठा) असतो, आणि त्याच रोजमध्ये दुसऱ्या लाइनची वायर आलेली असू शकते. इन्व्हर्टरही बंद करा. मेन पडला तरी तो दिव्यांना 230 व्होल्ट देत राहतो. मग प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावा.

आता मोबाइलवर फोटो काढा आणि एकच गोष्ट शोधा: जुन्या दिव्याच्या दोन वायरी कोणत्या दोन स्क्रूंना आहेत? नवा दिवा त्याच दोघांना जोडायचा. एकाखाली न्यूट्रलचा झुबका असेल, दुसऱ्याखाली स्विचची एकटी वायर. उरलेल्या तिसऱ्या स्क्रूखालचा लाल झुबका पुढच्या खोलीला आणि स्विचला फेज देतो. तो सोडू नका. नव्या दिव्यात सीलिंग रोज बसत नसेल तर प्रत्येक झुबका जसाच्या तसा वेगळ्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळा, चिकटपट्टीवर नाव लिहा. दिव्याची बॉडी धातूची असेल तर हिरवी अर्थिंगची वायर बॉडीला हवीच.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, छताखालची वायर वर्षानुवर्षं तापते. हात लावताच वेष्टन भुगा होऊन पडलं, किंवा कुणी आधीच झुबके सोडून ठेवले असतील, तर थांबा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. तिथे अंदाज चालत नाही.

स्विच बंद केल्यावरही नवा एलईडी मिणमिणत असेल तर स्विच न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. तसं असेल तर बंद दिव्यातही फेज खेळतो. बोर्डातली जोडणी बदलून घेतल्याशिवाय त्या दिव्याला हात लावू नका.