पहिल्या गोधड्या पुन्हा उलगडताना

गोधडी शिवताना स्वतःची अशी शैली हवी असे वाटू लागले, की बहुतेक जणी नवे नमुने गोळा करू लागतात. माझा सल्ला असा आहे की त्याआधी आपण शिवलेल्या पहिल्या चार-पाच गोधड्या ट्रंकेतून बाहेर काढाव्यात आणि ज्या क्रमाने शिवल्या त्याच क्रमाने जमिनीवर एकीशेजारी एक अंथराव्यात. यासाठी सकाळचा उजेड निवडावा, कारण दिव्याच्या प्रकाशात टाक्यांची उंचसखल नीट दिसत नाही.

सर्व गोधड्या आधी उलट्या कराव्यात. वरच्या बाजूची रंगीत ठिगळे डोळ्यांना लगेच गुंतवून ठेवतात आणि मग शिवण पाहायचे राहून जाते. खालच्या बाजूला बहुधा एकच सलग लुगडे असते, त्यामुळे तिथे धावदोरा स्वच्छ दिसतो. दोन ओळींमध्ये किती अंतर आहे, एका बोटाच्या रुंदीत किती टाके बसले आहेत, दोरा कुठे ओढला गेला आहे आणि वळणावर हात कसा फिरला आहे, हे प्रत्येक गोधडीसाठी वहीत लिहून ठेवावे.

माझी पहिली गोधडी आजीच्या नऊवारी सुती लुगड्याची आहे. नऊवारी साधारण आठ मीटर लांब असते. तिचे चार सारखे भाग करून एकावर एक अंथरले की एका माणसाला पुरेल एवढ्या लांबीरुंदीचे चार थर मिळतात. मी ते थर टाचून न घेताच कडेपासून आत शिवत गेले. प्रत्येक फेरीबरोबर वरचे कापड थोडे थोडे आत सरकत राहिले आणि शेवटी मध्यभागी तळहाताएवढा झोळ आला, जो मी घाईघाईने चुणी घालून दाबून टाकला. दुसऱ्या गोधडीत वर सिंथेटिक साडी वापरली. ती सुतावर ठरतच नाही, सारखी घसरते, म्हणून तिथेही तोच झोळ आला. चौथ्या गोधडीपर्यंत मात्र तो नाहीसा झाला, कारण तोवर मी मधोमध आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून लांब कच्चे टाके घालून थर आधी पक्के धरायला शिकले होते.

याच गोधड्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि तीही मी पुष्कळ दिवस चूकच समजत होते. कडेने आत येणाऱ्या ओळी कोपऱ्यावर काटकोनात वळायला हव्यात. माझ्या ओळी तिथे गोल होत आणि गोधडीच्या पोटाशी येईपर्यंत चौकोनाचा लंबगोल होऊन जाई. झोळ सरावाने गेला, हे वळण पाचही गोधड्यांत टिकले. दोष आणि सवय वेगळी करण्यासाठी मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. सरावाने जे आपोआप कमी होते आणि धुतल्यावर किंवा वापरताना त्रास देते, ते सुधारावे. जे दर वेळी परत येते आणि गोधडीचे काही बिघडवत नाही, त्याच्याकडे शैलीचे बीज म्हणून पाहावे.

आता गोधड्या सुलट्या करून रंग पाहावेत. मोबाइलवर प्रत्येकीचा एक फोटो काढून तो कृष्णधवल करावा, म्हणजे रंगांचा मोह बाजूला पडतो आणि गडद-फिक्याची मांडणी तेवढी उरते. आपण गडद तुकडे नेहमी कडेला ठेवतो का, इरकलीचा काठ हाती आला की तो आडवा लावतो की उभा, हे तिथे कळते.

आराखडा सर्वस्वी नवा असावा, असा आग्रह धरू नये. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाचे जुने कपडे फाडून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांच्यात ‘हाउसटॉप’ नावाची एक रचना वारंवार येते: मध्यभागी एक तुकडा आणि त्याच्याभोवती पट्ट्यांचे चौकोनात चौकोन. रचना एकच असूनही पट्ट्यांची रुंदी, त्यांचा तिरकेपणा आणि रंगांची जोड यांमुळे प्रत्येकीची गोधडी वेगळी दिसते. आपल्या गोधडीतला धावदोराही असाच चौकोनात चौकोन करीत आत जातो, म्हणून हे उदाहरण मला फार जवळचे वाटते.

पुढची गोधडी शिवताना वहीतील एकच सवय निवडावी आणि ती मुद्दाम, पूर्ण गोधडीभर वापरावी. मी गोल वळण निवडले. पहिली ओळ घालण्यापूर्वी चारही कोपऱ्यांवर वाटी उपडी ठेवून खडूने कमान आखली आणि वळण ठळक दिसावे म्हणून फिक्या कापडावर लाल दोरा घेतला. गडद दोऱ्याचा रंग उतरतो का, हे आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. माझे एक पांढरे अस्तर या आळसापायी गुलाबी झाले आहे. बाकी सर्व, म्हणजे थर, माप आणि ओळींमधील अंतर, नेहमीचेच ठेवावे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झाले हे समजत नाही. अशा दोन-तीन गोधड्या झाल्यावरच दुसरी सवय हाती घ्यावी.

पहिली गोधडी उसवून नीट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिची कड विरली असेल तर जुना दोरा तसाच ठेवून वरून नव्या सुती कापडाची चार बोटे रुंद पट्टी लावावी आणि ती आजच्या हाताने, आजच्या टाक्यांनी शिवावी. माझ्या पहिल्या गोधडीला आता अशी पट्टी आहे. तिच्या कोपऱ्यांवरचे लाल टाके गोल वळतात आणि त्यांच्या आत दोन बोटांवर तेच वळण पांढऱ्या दोऱ्यात, जरा चाचरत गेलेले दिसते.