रॅम्प पायजे? मग आपणच मागायचा, असा मागा

सांगली जिल्ह्यातल्या आपल्या दिव्यांग पोरापोरींसाठी लिहितीये. घरचे आपल्यासाठी बोलतात ते मायेनं, पण ग्रामसभेत आपण स्वतः बोललो की फरक पडतो, मी व्हीलचेअरवर आहे आणि हे मनापासून सांगते.

आधी चार-पाच जण जमवा, कुणी व्हीलचेअरवालं, कुणी न दिसणारं, कुणी ऐकू न येणारं, कारण प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर 21 प्रकार आहेत. मग टेप घेऊन एकच इमारत मोजा. रॅम्पचा उतार 1:12 पायजे, म्हणजे सहा-सहा इंची दोन पायऱ्या असतील तर रॅम्प बारा फूट लांब. बऱ्याच ठिकाणी चार फुटांत सिमेंटची घसरगुंडी करून ठेवतात, त्यावर एकट्यानं चढताच येत नाही, मागं कुणीतरी धरावंच लागतं, असला रॅम्प मान्य करू नका. फोटोत टेप दिसू दे.

अर्ज लेखी द्या, पोच घ्याच. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5% निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो कुठं गेला हे माहिती अधिकारात विचारा, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. पैसे नाहीत म्हणाले तर तोच कागद पुढं करा. ग्रामसभा वरच्या मजल्यावर असेल तर खाली घ्या असं आधीच लेखी कळवा, नायतर आपण जिन्याखालीच राहतो. एवढं करूनही दाद नाही मिळाली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा, मोजमापाचे फोटो आणि पोच जोडून.