शेअर्डवरून डेडिकेटेडवर: साइट हलवा, पण मराठी सांभाळून

दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या संस्थेची साइट हमखास मान टाकायची. दीक्षाभूमीवर येणारी माणसं मोबाइलवर पुस्तकांची यादी शोधतायत आणि पडद्यावर '५०८, रिसोर्स लिमिट'. शेअर्ड होस्टिंगवर एका यंत्रात शेकडो साइट दाटीवाटीनं राहतात. आपल्या वाट्याच्या प्रोसेस संपल्या की दार बंद. फोटो हलके करून, कॅश (तयार पानांची साठवलेली प्रत) लावूनही हेच होत असेल तर डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे फक्त आपल्यासाठीचं अख्खं यंत्र, घ्या. मात्र हलवाहलवी सणाच्या तोंडावर नको.

"सर्व्हर नागपुरात बर्डीच्या ऑफिसातच ठेवू, भाडं वाचेल" असं सुचवणारा एकजण प्रत्येक कार्यकारिणीत असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि खोलीत कूलरची ओली हवा. डेटा सेंटरमधलाच घ्या.

फाइली आरसिंकनं (फाइली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणारी आज्ञा) न्या. पीएचपीची (साइट ज्या भाषेत लिहिलीय तिची) आवृत्ती सुरुवातीला जुनीच ठेवा. क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामं लिहून घ्या, ती सगळेच विसरतात.

आता डेटाबेस, आणि त्याचा डंप, म्हणजे सगळा मजकूर उतरवलेली फाइल. "डंप काढा, इम्पोर्ट करा, झालं" असं जो सांगतो त्यानं मराठी साइट कधी हलवलेली नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचा मूळ कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) ५.७ आवृत्तीपर्यंत लॅटिन१ होता, ज्यात मराठी बसत नाही; ८.० पासून मराठी सामावणारा यूटीएफ८एमबी४ झाला. जुन्या साइटवर टेबल लॅटिन१ आणि कनेक्शनही लॅटिन१, त्यामुळे मराठीचे बाइट न तपासता आत जायचे आणि तसेच बाहेर यायचे. दिसायला सगळं ठीक. नेहमीच्या पद्धतीनं डंप काढला की ते बाइट लॅटिन अक्षरं समजून पुन्हा रूपांतरित होतात, आणि मथळ्याच्या जागी टोपीवाल्या इंग्रजी 'ए'ची रांग उभी राहते.

म्हणून आधी तपासा. 'नागपूर' एवढाच शब्द असलेली एखादी नोंद घ्या आणि तिच्यावर कॅर-लेंग्थ (अक्षरं मोजणारं फंक्शन) चालवा. उत्तर ६ आलं तर निश्चिंत. १८ आलं तर घोळ आहे, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ८मध्ये ३ बाइट घेतं आणि तुमचा डेटाबेस बाइटांनाच अक्षरं समजतोय. अशा वेळी डंप काढताना कॅरॅक्टर सेट लॅटिन१ च सांगा, कॅरॅक्टर सेट ठरवणारी 'सेट नेम्स'ची ओळ गाळा, फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ करा आणि इम्पोर्टही यूटीएफ८एमबी४ नं करा. फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. 'ऑल्टर टेबल... कन्व्हर्ट टू' तर अजिबात नको, तो हाच घोळ पक्का करतो.

मी पहिल्यांदा तपासलं नव्हतं. मुखपृष्ठ कॅशमधून येत होतं म्हणून छान दिसलं. आतली पानं फुटलेली कळली दुसऱ्या दिवशी. तोवर नव्या सर्व्हरवर नवे अर्ज भरले गेले होते, त्यामुळे मागे जाणं बंद. मग घाईत दुरुस्तीची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) सरसकट सगळ्या ओळींवर चालवली. जुना मजकूर सुधारला, पण नव्या, धड असलेल्या अर्जांची प्रश्नचिन्हं झाली. टोपीवाला 'ए' परत मराठी होतो. प्रश्नचिन्ह होत नाही. अर्जदारांना एकेक करून फोन लावले. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी बॅकअप घ्या आणि क्वेरीला तारखेची अट घाला.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता (आयपी) सांगणारी नोंदवही. तिचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० असेल तर दोन दिवस आधी ३०० करा. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून, म्हणजे फक्त आपल्यालाच नवा सर्व्हर दिसेल असं करून, साइट आतून-बाहेरून बघा. रात्री जुनी साइट देखभालीच्या पानावर टाका, शेवटचा डंप न्या, ए रेकॉर्ड (डीएनएसमधली साइटच्या आयपीची नोंद) बदला. त्याआधी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची ती नोंद) बघा: तो संस्थेच्या डोमेनकडेच बोट दाखवत असेल तर ए बदलताच मेलही नव्या सर्व्हरकडे वळेल, जिथे टपालपेटीच नाही. मेलला जुन्या आयपीचं वेगळं नाव आधी देऊन ठेवा.

जुनं खातं महिनाभर राहू द्या. मेल दुसरीकडे हलवून झाली आणि जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये फक्त बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) उरले की मग पैसे भरणं थांबवा.