पुराची अफवा ग्रुपवर आली तर

"कोयनेतून रात्रीत ५० टीएमसी सोडलं, सांगलीकरांनो पळा!" असा मेसेज आला की आधी एकक बघा. विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) सांगतात, टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे साठा. १ लाख क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडलं तरी जेमतेम ८.६ टीएमसी जातं. ५० ला पावणेसहा दिवस लागतील. मेसेज खोटा ठरायला एवढं गणित पुरतं.

पातळीचा आकडा असेल तर तारीख-वेळ शोधा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला. वेळ नसलेला आकडा कालचाही असू शकतो, म्हणून जिल्हा प्रशासनाच्या ताज्या पत्रकाशी ताडून बघा.

फोटो गूगल लेन्समध्ये टाका. बऱ्याचदा २०१९ च्या महापुराचाच निघतो. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज बऱ्याच हातांतून फिरलाय.

दुरुस्ती एकदाच, दोन ओळींत टाका. मूळ मेसेज पुन्हा चिकटवू नका, तोच पुढे जातो. मग "तू कुणाचा माणूस?" म्हणत कुणीतरी अंगावर येतंच. त्याला उत्तर नको. त्याला पाणी नाही, भांडण हवंय. स्क्रीनशॉट ठेवा आणि ॲडमिनला अफवेचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा.