कारमागे कॅराव्हॅन ओढताना

जळगावहून चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढून वेरूळकडे जायचे असेल, तर कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेला, कारमागे ओढायचा ट्रेलर) जोडण्यापूर्वी कारच्या माहितीपुस्तिकेत दिलेली ओढण्याची कमाल क्षमता पाहावी आणि सामानाने भरलेल्या ट्रेलरचे वजन वजनकाट्यावर करून घ्यावे. अंदाजावर मुळीच विसंबू नये.

खरी काळजी घ्यायची ती वजनाच्या वाटपाची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे ८०० किलोला सुमारे ८० किलो, हिचवर, म्हणजे कारच्या मागच्या जोडणीवर, यावा. मात्र तो कार व हिचच्या मर्यादेत असावा. पाण्याचे कॅन, शेगडी, कळण्याच्या पिठाचा डबा असे जड सामान एक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) किंचित पुढे आणि तळाशी ठेवावे. ते मागे गेले, तर वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. अशा वेळी ब्रेक करकचून दाबू नये, वेगही वाढवू नये; स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा.

कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची खोबण) हिचच्या बॉलवर, म्हणजे गोळ्यावर, बसवून लॉक केल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून पुढचे टोक थोडे उचलावे. कारचा मागचा भाग सोबत उचलला गेला, तरच पकड पक्की समजावी. सेफ्टी चेन कपलरखालून फुलीसारख्या जोडाव्यात. दिवे तपासावेत.

घाट उतरताना सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात टायरची हवा पहाटे, टायर थंड असतानाच तपासावी.